मेजामागचा चित्रकार

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथाला जे स्थान मिळते, ते ग्रंथ ज्या जागी विकला गेला त्या जागेला सहसा मिळत नाही. लेखक आणि वाचक यांची प्रत्यक्ष गाठ कोठे पडली, पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला आणि ह्या व्यवहारात कलाकृतीची मालकी अखेर कोणाकडे राहिली, हे प्रश्न व्यापाराच्या खाती टाकून टीकाकार मोकळा होतो. अमेरिकन चित्रकथेच्या बाबतीत मात्र अशी वाटणी करणे शक्य नाही. कारण तिचा इतिहास हा बव्हंशी मालकीचाच इतिहास आहे.

ह्या इतिहासाचे अलीकडचे एक प्रकरण विशेष विचार करण्याजोगे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरी दर उन्हाळ्यात चित्रकथांचा प्रचंड मेळावा भरतो. चित्रपट-कंपन्यांच्या झगझगीत दालनांपासून काही अंतरावर तेथे लहान मेजांच्या रांगा असतात. एकेका मेजामागे एखादा चित्रकार वा एखादी चित्रकर्ती बसलेली असते. पुढ्यात स्वखर्चाने छापलेली दोनचार पुस्तके, काही छापील चित्रे, काही सदरे. त्यांतील अनेकांचे काम इंटरनेटवर प्रथम प्रसिद्ध झालेले, म्हणजे 'वेबकॉमिक' ह्या नावाने ओळखले जाणारे असते. आणि ते तेथे कोणालाही विनामूल्य वाचता येते. मेजापाशी येणाऱ्या वाचकाने ते बहुधा अथपासून इतिपर्यंत वाचलेलेही असते. तरीही तो पुस्तक विकत घेतो. जे फुकट मिळाले, वाचून झाले, त्यासाठी माणूस पैसे का मोजतो? ह्या साध्या प्रश्नाच्या उत्तरात स्वतंत्र चित्रकथेचे सारे मर्म साठवलेले आहे.

प्रश्नाची पूर्वपीठिका १९३८ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी 'सुपरमॅन' ही आपली निर्मिती १३० डॉलरांना प्रकाशकाच्या स्वाधीन केली. पुढे त्या नायकावर किती संपत्ती उभी राहिली, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या जनकांना मात्र १९७५ मध्ये, उतारवयात, मोठ्या प्रयासाने वार्षिक वेतन आणि नामनिर्देश मिळाला. हा अपवाद नव्हता. तोच त्या धंद्याचा नियम होता. चित्रकार पानामागे मजुरी घेई. पात्र, कथा आणि पुष्कळदा मूळ चित्रेसुद्धा प्रकाशकाची होत.

ह्या नियमाविरुद्धचे पहिले ठळक बंड १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाले. रॉबर्ट क्रम्ब ह्याने 'झॅप कॉमिक्स'चा पहिला अंक बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला, ही गोष्ट त्या पिढीची दंतकथाच होऊन बसली. बंडाचा आशय अंकातील मजकुरात जितका होता, तितकाच त्या बाबागाडीतही होता: अंक काढणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने वाचकाला दिला होता. १९७७ मध्ये कॅनडात डेव्ह सिम ह्याचे 'सेरेबस' आणि १९७८ मध्ये वेंडी व रिचर्ड पिनी ह्या दांपत्याचे 'एल्फक्वेस्ट' सुरू झाले, आणि चित्रकाराला स्वतःच प्रकाशक होता येते, हे सिद्ध झाले. मराठीत १९५५ नंतरच्या दोन दशकांत लघुनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांना बगल देऊन जे केले, त्याची आठवण येथे होणे साहजिक आहे. फरक एवढाच, की मराठी कवीचे भांडण मुख्यतः अभिरुचीशी होते. अमेरिकन चित्रकाराचे भांडण आधी करारपत्राशी होते.

सॅन दिएगोच्या मेळाव्याचा जन्म ह्याच काळातला. शेल डॉर्फ आणि त्याच्या तरुण सहकाऱ्यांनी मार्च १९७० मध्ये एक दिवसाची चाचणी घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये यू. एस. ग्रँट हॉटेलात तीन दिवसांचा पहिला मेळावा भरवला. सुमारे तीनशे माणसे आली. पाहुण्यांत रे ब्रॅडबरी होता आणि जॅक कर्बीही होता. कर्बीची उपस्थिती अर्थपूर्ण म्हटली पाहिजे. कारण ज्याच्या कुंचल्याने एका प्रकाशनसंस्थेचे विश्व उभारले, त्याच चित्रकाराला १९८० नंतरच्या दशकात स्वतःची मूळ चित्रे परत मिळवण्यासाठी झगडावे लागले. प्रारंभीचा मेळावा हा रसिकांचा होता: जुने अंक विकणारे, हौशी चित्रकार आणि प्रिय लेखकाशी दोन शब्द बोलू पाहणारी मुले. १९७६ मध्ये तेथे 'स्टार वॉर्स' ह्या आगामी चित्रपटाची जाहिरात झाली. पुढे काय होणार, ह्याची ती नांदी होती. १९९१ मध्ये मेळावा समुद्रकाठच्या भव्य संमेलनगृहात गेला आणि एकविसाव्या शतकात उपस्थितांची संख्या सव्वा लाखाच्या वर गेली.

मेळावा असा फुगत असताना चित्रकथेचा बाजार मात्र खचत होता. १९९० नंतर संग्राहकांच्या सट्टेबाजीने अंकांचा खप कृत्रिमपणे वाढला आणि मग कोसळला. १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलसारख्या बलाढ्य संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकानांना अंक पुरवण्याचे काम जवळजवळ एकाच वितरकाच्या हाती एकवटले. त्याच्या सूचीत ज्याला जागा नाही, त्याला दुकानातही जागा नाही, अशी अवस्था झाली. नेमक्या ह्याच वेळी इंटरनेटचा दरवाजा उघडला, हा इतिहासातील केवळ योगायोग नव्हे. डेव्हिड फार्ले ह्याचे 'डॉक्टर फन' १९९३ मध्येच तेथे दिसू लागले होते. १९९७ मध्ये पीट ॲब्रम्सचे 'स्लगी फ्रीलान्स' आणि १९९८ मध्ये माइक क्राहुलिक व जेरी होल्किन्स यांचे 'पेनी आर्केड' सुरू झाले. संपादक नाही, मुद्रक नाही, वितरक नाही. चित्र सकाळी काढावे आणि संध्याकाळी ते दुसऱ्या खंडातील वाचकाने वाचावे, असा हा अपूर्व प्रकार होता.

ह्या नव्या माध्यमाचा सिद्धान्त मांडण्याचे श्रेय स्कॉट मॅक्लाउडला द्यावे लागते. 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) मध्ये त्याने चित्रकथेचे व्याकरण सांगितले होते. 'रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स' (२०००) मध्ये त्याने तिचे भविष्य वर्तवले. त्याचे भाकीत दुहेरी होते. पहिले रूपाविषयी: संगणकाचा पडदा हे पान नसून खिडकी आहे, तेव्हा चित्रकथेने पानाची चौकट सोडून अमर्याद पटावर कोणत्याही दिशेला वाहावे. दुसरे अर्थकारणाविषयी: वाचकाने प्रत्येक वाचनाला काही सेंट थेट चित्रकाराला द्यावेत, म्हणजे मध्यस्थाची गरज उरणार नाही. २००३ मध्ये 'बिटपास' नावाची तशी योजना निघाली आणि मॅक्लाउडने स्वतःची एक कथा पंचवीस सेंटांना तिच्याद्वारे विकायला ठेवली. २००७ मध्ये ती योजना बंद पडली.

ती का बंद पडली, ह्याची तांत्रिक कारणे अनेक देता येतील. परंतु मूळ कारण वाङ्मयीन व्यवहाराच्या स्वभावात आहे. वाचक वाचनाचे मोल आधी देत नाही. त्याचा जिव्हाळा वाचनानंतर जन्मतो. रोज सकाळी एक चित्रपट्टी फुकट वाचणाऱ्या माणसाच्या मनात तीन वर्षांनी त्या चित्रकाराविषयी जे ऋण साठते, ते फेडण्याची जागा त्याला हवी असते. अशी जागा म्हणजे मेळाव्यातले मेज. तेथे तो पुस्तक घेतो. पण वस्तुतः तो मजकूर विकत घेत नसून परिचय विकत घेतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर चित्रकार त्याच्या देखत एखादे लहानसे रेखाटन करतो, खाली सही करतो. आणि लाखो पडद्यांवर सारखेच दिसणारे चित्र त्या एका प्रतीपुरते अद्वितीय होते. फुकट वाटलेली प्रतिमा आणि विकलेली वस्तू यांत विरोध नव्हता, तर पहिली ही दुसरीची पेरणी होती. मॅक्लाउडला हवा असलेला मध्यस्थाविना व्यवहार अखेर घडला. फक्त तो तारेवरून घडला नाही, समोरासमोर घडला.

ह्याच ठिकाणी टीकाकाराने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मेजाने केवळ उपजीविका दिली नाही, तर रूपही ठरवले. मेजावर ठेवण्यासाठी पुस्तक हवे आणि पुस्तकासाठी पान हवे. साहजिकच अमर्याद पटाचे स्वप्न पाहणाऱ्या काळातही बहुसंख्य वेबकॉमिक्स तीनचार चौकटींच्या पट्टीत किंवा छापता येईल अशा पानात बांधलेली राहिली. काही अपवाद आहेत आणि ते देखणे आहेत. रँडल मन्रोच्या 'एक्सकेसीडी'मधील २०१३ ची 'टाइम' ही कथा चार महिने थोडी थोडी पुढे सरकत राहिली आणि तीत तीन हजारांवर चित्रे आली. तिला पुढल्या वर्षी ह्यूगो पारितोषिकही मिळाले. पण तिचा तो संथ कालप्रवाह कागदावर उतरवता येणे कठीण. तात्पर्य, ज्याला आपण माध्यमाची मर्यादा समजतो, ती कित्येकदा चरितार्थाची मर्यादा असते.

कागद आणि पडदा यांच्या ह्या परस्परपोषणाचे उत्तम उदाहरण म्हणजे जीन लुएन यांग. ओकलंडच्या एका विद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारा हा चित्रकार 'अमेरिकन बॉर्न चायनीज' ही कथा एकीकडे इंटरनेटवर क्रमशः देत होता, दुसरीकडे तिच्या छायाप्रती काढून, हाताने टाचून विकत होता. २००६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथ-पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचलेली पहिली चित्रकादंबरी ठरली. चिनी स्थलांतरिताच्या मुलाची लाज आणि तिचा उपहास हा विषय नायकप्रधान अंकांच्या बाजारात सहज मावला नसता. ब्रायन फाइसने आईच्या आजारावरची 'मॉम्स कॅन्सर' ही कथा प्रथम निनावी प्रसिद्ध केली. २००५ मध्ये सॅन दिएगोच्या मेळाव्यात दिल्या जाणाऱ्या आयझ्नर पारितोषिकांत डिजिटल चित्रकथेचा पहिला मान तिला लाभला. कॅनडाची केट बीटन २००७ पासून इतिहासाची थट्टा करणारी चित्रे इंटरनेटवर देऊ लागली, त्यांचा 'हार्क! ए व्हेग्रंट' हा संग्रह २०११ मध्ये निघाला आणि २०२२ मध्ये तेलखाणींतील मजुरीच्या आठवणींचे 'डक्स' हे गंभीर पुस्तक आले. ह्या तिघांचे विषय पाहिले, की मध्यस्थ दूर झाल्याने केवळ नफ्याची वाटणी बदलली नाही, तर चित्रकथेत काय सांगता येते ह्याची व्याप्तीही बदलली, हे मान्य करावे लागते.

तथापि मोठ्या मेळाव्याशी ह्या स्वतंत्र चित्रकारांचे नाते सुखाचेच होते, असे म्हणता येत नाही. प्रवास, निवास, छपाई आणि जागेचे भाडे हा सारा भार ज्याचा त्याने वाहायचा. आणि गर्दीतले पुष्कळ लोक चित्रपटातील नटनट्यांना पाहायला आलेले. अशा वेळी सव्वा लाखांचा समुदायही एकाकी वाटू शकतो. म्हणूनच ह्या चित्रकारांनी स्वतःच्या जत्रा उभारल्या. 'पेनी आर्केड'च्या जोडीने २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे खेळप्रेमींचा वेगळा मेळावा सुरू केला. २००९ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधील ईस्टहॅम्प्टन ह्या लहानशा गावी खास वेबकॉमिककारांचे संमेलन भरले. २०१२ मध्ये रिच बर्ल्यू ह्याने 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'च्या दुर्मिळ झालेल्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणासाठी वाचकांना आवाहन केले, तेव्हा १४,९५२ जणांनी मिळून साडेबारा लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. जी कथा फुकट वाचता येत होती, तिच्याच छापील प्रतींसाठी ही रक्कम जमली, हे विसरता कामा नये. मेजामागच्या त्या देवघेवीचेच हे विराट रूप होते.

२०२० मध्ये साथीमुळे सॅन दिएगोचा मेळावा पन्नास वर्षांत प्रथमच रद्द झाला. व्याख्याने, परिसंवाद इंटरनेटवर आले. पण मेजाला तेथे पर्याय नव्हता. त्याच सुमारास एक नवा मध्यस्थही बळावत होता. दक्षिण कोरियात २००४ मध्ये उगम पावलेला 'वेबटून' २०१४ मध्ये इंग्रजीत आला. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वरून खाली अखंड उतरणारी त्याची चित्रकथा म्हणजे मॅक्लाउडच्या अमर्याद पटाचे उशिरा साकारलेले रूपच. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथची 'लोअर ऑलिम्पस' ही तेथलीच कथा. तिला २०२२ मध्ये आयझ्नर मिळाले. वाचकांची संख्या आता कोटींत मोजली जाते. परंतु तो वाचक चित्रकाराच्या दारी येत नाही, कंपनीच्या दारी येतो. आणि कोणाची कथा त्याच्या पुढ्यात ठेवावी, हे कंपनी ठरवते. १९३८ च्या करारपत्राशी ह्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण वाचक कोणाचा, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आहे, एवढे निश्चित.

म्हणून स्वतंत्र चित्रकथेचा हा इतिहास विजयगाथा म्हणून लिहिता येत नाही. क्रम्बची बाबागाडी, यांगच्या टाचलेल्या छायाप्रती आणि सॅन दिएगोतील ते लहानसे मेज ही एकाच हट्टाची तीन रूपे आहेत: आपली कृती आपल्या हाताने वाचकाच्या हाती द्यावी. प्रत्येक नवे माध्यम आले, की हा हट्ट सहज पुरा होईल असे वाटते. माध्यम रुळले, की मध्यस्थ नवे नाव घेऊन परत येतो. स्वातंत्र्य ही येथे एकदा मिळवून ठेवायची ठेव नाही. दर वर्षी मेज मांडावे लागते, पुस्तके रचावी लागतात, आणि समोरच्या अनोळखी माणसाने आपले चित्र ओळखून हसावे, ह्याची वाट पाहावी लागते.