बेटाचें नाणें

वरळीच्या बी. डी. डी. चाळींत संसार केलेल्या माणसास आपण बेटावर राहतों असें क्वचितच वाटलें असेल. परंतु वरळी हें मुंबईच्या सात बेटांपैकीं एक होय. समुद्र हटवून हीं बेटें एकमेकांस जोडलीं गेलीं आणि १९२० नंतर सरकारच्या विकास खात्यानें येथें चाळी उभारल्या. बेटें नाहींशीं झालीं. पण मुंबई बेट असतांना तिच्या नाण्यानें उभा केलेला प्रश्न आजही उरलाच आहे. धातूच्या चकतीस नाणेंपण येतें तें कशानें?

१६६८ सालीं इंग्लंडच्या राजानें मुंबई ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला दहा पौंड खंडानें दिली. १६७२ सालीं गव्हर्नर जेराल्ड आँजियर यानें येथें टांकसाळ घातली. चांदीचें, तांब्याचें व कथलाचें नाणें पडूं लागलें. परंतु खाडीपलीकडे तें घेणार कोण?

१६७४ सालीं राज्याभिषेकाच्या प्रसंगीं कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. आपलें नाणें स्वराज्यांत चालावें, अशी कंपनीची एक मागणी होती. तें घेण्याची सक्ती आपण प्रजेवर करणार नाहीं. मात्र तें इतर राजांच्या नाण्यांइतकें शुद्ध व वजनदार असल्यास त्यास मनाईही करणार नाहीं, असा शिवाजी महाराजांच्या उत्तराचा आशय होता. नाण्याची पारख त्यांनीं बाजारावर सोंपविली.

१६७६ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें टांकसाळीची सनद दिली. पुढें इंग्रज राजाच्या नांवाचा रुपया पाहून मोगल दरबार रुष्ट झाला. मोगलांचें नाणें वजनास कमी व हिणकस येतें, म्हणून आम्हीं आपल्या हद्दीपुरतें वेगळें पाडतों, असा खुलासा मुंबईकर इंग्रजांनीं केल्याचें खाफीखान लिहितो. अखेर १७१७ नंतर मुंबईच्या टांकसाळींतून मोगल बादशहाच्याच नांवाचे रुपये निघूं लागले आणि त्यांस देशावरची वाट मोकळी झाली.

मुंबईच्या नाण्यास राजाची सनद होती, पण शेजाऱ्यांची मान्यता नव्हती. याच्या उलट प्रकार इंग्लंडजवळील लंडी बेटावर घडला. बेटाचा मालक मार्टिन हार्मन यानें १९२९ सालीं एका बाजूस स्वतःचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस पफिन पक्षी असलेलीं नाणीं पाडविलीं. बेटावर तीं चाललीं. पण राजाज्ञा नव्हती. खटला होऊन त्यास पांच पौंड दंड झाला आणि १९३१ सालीं त्याचें अपीलही फेटाळलें गेलें. नाणीं व्यवहारांतून गेलीं, तीं संग्राहकांच्या पेटींत शिरलीं. १९६५ सालीं तर तीं मुद्दाम संग्राहकांसाठींच पुन्हां पाडण्यांत आलीं.

आतां या मार्गानें पुष्कळ नाणीं येतात. प्रशांत महासागरांतील क्लिपर्टन बेटावर मनुष्यवस्ती नाहीं, तरी त्याच्या नांवाचीं नाणीं विकलीं जातात. हीं काल्पनिक नाणीं देखणीं असतात. परंतु त्यांच्यामागें ना राजाची सनद, ना बाजाराची मान्यता. त्यांस किंमत येते ती हौसेमुळें, आणि हौस ओसरली कीं धातूच तेवढा उरतो. विकत घेणारानें तें जाणून घ्यावें, म्हणजे फसगत होणार नाहीं. मुंबईच्या रुपयास मात्र रोज खाडीपलीकडच्या सराफाच्या तराजूंत बसावें लागे. म्हणूनच तो ओबडधोबड असूनही खरा.