युद्धाची पोथी आणि तिचे धनी

चित्रांमागून चित्रे मांडून युद्धकथा सांगण्याची रीत छापखान्याबरोबर आपल्याकडे आली, असा पुष्कळांचा समज आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. त्याचे वारस आजही आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर त्यांना चित्रकथी म्हणतात.

चित्रकथ्याचे भांडवल म्हणजे एक पोथी. पोथी म्हणावयाची, पण तीत अक्षरे जवळजवळ नाहीत. हातकागदावर काढलेली सुटी चित्रे, एका कथेचा एक गठ्ठा, फडक्यात बांधलेला. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. एका बाजूचा प्रसंग सांगून झाला की कागद उलटायचा, पुढचा प्रसंग हजर! वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर देवळात हा खेळ चाले. वाचता न येणाऱ्या माणसाला रामायण-महाभारत कळले ते बऱ्याच अंशी अशा मंडळींकडून. आम्ही स्वतः शाळेत फारसे गेलो नाही. त्यामुळे ही गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते.

आणि कथा तरी कोणत्या? बभ्रुवाहनाचीच घ्या. अश्वमेधाचा घोडा मणिपुरात येतो, मुलगा बापाला ओळखून नम्रपणे भेटावयास जातो, बाप त्याला झिडकारतो, आणि मग त्याच मुलाच्या बाणाने अर्जुन पडतो. पुढे पाताळातून मणी आणून त्याला उठवतात. अहिरावण-महिरावणाच्या कथेत तर मारुतीला पाताळातच उतरावे लागते. एका बाजूस एक योद्धा, दुसऱ्या बाजूस दुसरा, दोघांचे चेहरे एका अंगाने काढलेले, डोळे टपोरे, मधली जागा बाणांनी भरलेली. आजचे पोर हातातली रंगीत चित्रकथा सोडून हे पाहील, अशी आमची खात्री आहे.

मग ही चित्रे नजरेआड का झाली? लोक चित्रपटाकडे वळले, हे एक कारण खरेच. पण दारोदार फिरणाऱ्याला समाजाने मागता ठरवले, आणि मागत्याच्या फडक्यात कला असेल असे कोणाला वाटले नाही, हे कारण आम्हांला मोठे दिसते. पुण्यात कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर यांनी जुन्या वस्तू जमवताना ही चित्रे सांभाळून ठेवली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पुढे अभ्यासकांनीही लक्ष घातले. पण 'पैठणी चित्रे' हे जे नाव रूढ झाले, ते बरीच चित्रे पैठणच्या बाजूला मिळाली म्हणून. आमच्या देवळीकडे रुईच्या गाठीवर कारखान्याची खूण असते, गाठ बांधणाऱ्याची नसते. त्यातलाच हा प्रकार. चितारी कोण, सांगणारा कोण, हे त्या नावातून कळत नाही.

पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. तो गेल्यावरही काही घरांनी पोथ्या विकल्या नाहीत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे चित्रांबरोबर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही आहेत, आणि त्या नाचविणारी माणसेही.

आपल्या वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय आहे. तेथे चरखा ठेवला, तर तो कसा चालतो हेही दाखविता येते. चित्रकथीची पोथी मात्र भिंतीवर चौकटीत बसविली की कागदाची एकच बाजू दिसते. अर्जुन पडलेला दिसतो. त्याला उठवणारा मणी मागच्या बाजूस, भिंतीकडे तोंड करून राहतो, आणि कागद उलटणारा हात तेथे नसतो.