गोविंदपुऱ्याचे कारखाने आणि कामगाराचे कान: आवाजामुळे बहिरेपणा कसा येतो, तपासणी कुठे होते, हक्क कोणते?

भोपाळच्या पूर्वेकडचा गोविंदपुरा म्हणजे कारखान्यांची वस्ती. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचा इथला कारखाना आज ‘भेल’ म्हणून ओळखला जातो. त्याच्या आसऱ्याने शेजारी औद्योगिक वसाहत वाढली आणि फॅब्रिकेशन, पत्रा-काम, सुट्या भागांचे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. अशा कामाच्या शोधात बैतूल, छिंदवाड्याकडची आणि विदर्भातली मराठी माणसेही भोपाळला येत राहिली.

ग्राइंडर, पॉवर प्रेस आणि लोखंडावर पडणारा हातोडा यांच्या आवाजाने नवा कामगार पहिल्या आठवड्यात हैराण होतो. वर्षभराने तोच म्हणतो, “आता सवय झाली.” डॉक्टरांच्या दृष्टीने हे वाक्य धोक्याचे आहे. कानाला मोठ्या आवाजाची सवय होत नसते. आवाज पूर्वीसारखा खुपत नसेल तर ऐकण्याची ताकद घटू लागली असण्याची शक्यता मोठी असते.

कानात नेमके काय होते?

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्याला कर्णावर्त म्हणतात. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सततच्या मोठ्या आवाजाने या पेशी थकतात, पुढे मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच या बहिरेपणावर गोळी नाही, इंजेक्शन नाही आणि तेल घालूनही उपयोग नाही.

सुरुवातीला नुकसान तात्पुरते असते. शिफ्ट सुटल्यावर कानात दडे बसल्यासारखे वाटते आणि रात्रभराच्या शांततेनंतर बरे वाटते. हेच वर्षानुवर्षे रोज घडले की कान पूर्ववत होणे थांबते. यात दुखत नाही, कान वाहत नाही. त्यामुळे घरच्यांना कळायलाही उशीर होतो.

ओळखायचे कसे?

पहिला फटका बारीक, उंच सुरांना बसतो. ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. ही या विकाराची ठळक खूण. स, श, फ, थ असे वर्ण उंच सुरांवर चालतात. म्हणून ‘साठ’चे ‘आठ’ ऐकू येते. आवाज येतो, शब्द कळत नाही. लक्ष ठेवायच्या गोष्टी अशा:

– टीव्ही घरात सगळ्यांपेक्षा मोठा लावावा लागतो.
– गर्दीत किंवा फोनवर “काय? पुन्हा बोल ना” असे वारंवार म्हणावे लागते.
– निजताना कानात शिट्टी वाजल्यासारखा किंवा ‘गुंई’ असा आवाज राहतो.
– हळू बोललेले ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोलले की “ओरडतोस कशाला?” असे होते.
– दोन्ही कानांना साधारण सारखाच त्रास होतो.

एकाच कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर तो वेगळा, तातडीचा आजार असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

किती आवाज, किती वेळ?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. हाताच्या ग्राइंडरचा आवाज साधारण ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत जातो. भारतात कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९५ ला चार तास, १०० ला दोन तास, १०५ ला एक तास. ११५ च्या वर सततचा आवाज चालत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘निऑश’ आठ तासांसाठी ८५ डेसिबल सुचवते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे मिळतात. म्हणजे नियम पाळूनही कान पूर्ण सुरक्षित राहतीलच असे नाही. जवळ यंत्र नसेल तर सोपी परीक्षा आहे. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे असे समजावे.

बचाव

पहिला उपाय यंत्राचा: ढिले भाग आवळणे, वंगण, खाली रबरी पॅड, आवाजाच्या यंत्राला आडोसा, माणसांची पाळी बदलणे. त्यानंतर इअरप्लग किंवा इअरमफ. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवावा. कापसाच्या बोळ्याने फारसे संरक्षण मिळत नाही. गोंगाटात थोडा वेळ जरी प्लग काढला तरी दिवसभराच्या संरक्षणात मोठी घट होते.

कायदा काय सांगतो?

आवाजामुळे येणारा बहिरेपणा कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत ‘कळवणे बंधनकारक’ असलेल्या आजारांत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. असा रुग्ण आढळल्यास व्यवस्थापनाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने सरकारी यंत्रणेला कळवायचे असते.

छोट्या शेडमधल्या कामगाराला इथे एक अडचण येते. नव्या संहितेत वीज वापरणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यासाठी किमान २० कामगार लागतात. बारा-पंधरा जणांचे युनिट या व्याख्येबाहेर राहते. कर्मचारी राज्य विमा योजना मात्र १० कामगारांपासून लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो, ठेकेदाराकडचा असला तरी.

या विम्यात आवाजामुळे आलेला श्रवणदोष व्यावसायिक आजार मानला जातो. अशा कामावर सलग सहा महिने नोकरी असावी लागते. कमाईची क्षमता किती टक्के घटली हे वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्यानुसार दरमहा लाभ मिळतो. म्हणून कामाला लागतानाच पहिला ऑडिओग्राम काढून घ्यावा. तो नसेल तर कान आधीच अधू होते की कामामुळे झाले, हा वाद पुढे उभा राहतो.

विमा क्रमांक नोकरी किंवा राज्य बदलले तरी तोच राहतो. भोपाळ सोडून अमरावती-नागपूरला आलेल्याने नवा क्रमांक काढू नये, जुनाच द्यावा. पगारपत्रके आणि तपासणीचे कागद जपून ठेवावेत.

तपासणी कुठे?

विमा असलेल्यांसाठी सोनागिरी भागात कर्मचारी राज्य विमा रुग्णालय आहे. एम्स भोपाळमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे. पिपलानीजवळ खजुरी कलां रस्त्यावर दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र असून ते मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेच्या अखत्यारीत येते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असल्यास ‘कमी ऐकू येणारा’ आणि ७० डेसिबल असल्यास ‘बहिरा’ अशी नोंद होते. श्रवणयंत्राने मदत होते, पण ते आवाज वाढवते. मेलेल्या केशपेशी परत आणत नाही. गोंगाटाच्या कामावर असलेल्याने कान ठीक वाटत असले तरी वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. आलेखातला खड्डा लवकर दिसला, तर उरलेले ऐकू येणे वाचवता येते.