वाट्याचं मटण आणि घमेल्यातली चरबी

परवा आठवडी बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानासमोर उभा होतो. माझ्यापुढे एक पोरगा. "मांडीचंच द्या मामू, चरबी काढून टाका. मान नको, नळी नको." दुकानदाराने मुकाट्याने सुरी चालवली आणि काढलेलं सगळं शेजारच्या घमेल्यात टाकलं. तेवढ्यात मागून एक म्हातारी पुढं आली आणि त्या घमेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढं कितीला देतो रं बाबा?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. अमुकच तुकडा द्या असं म्हणायची सोय आपल्याकडे फार जुनी नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५-९० च्या सुमारास, आष्टी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात मटणाचं दुकानच नव्हतं. सणावाराला दहा-बारा घरं मिळून एक बोकड घ्यायची, लिंबाखाली पडायचा आणि वाटे घातले जायचे. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी छाती, मानेचा एखादा तुकडा, नळी, काळजाचा एवढासा काप, वजडी आणि चरबी. ज्याने वाटे घातले तो आपला वाटा सगळ्यात शेवटी उचलायचा, म्हणजे लबाडी करायची सोयच नाही. त्यामुळे चिवट मांस प्रत्येकाच्या घरी जायचं आणि ते शिजवायचं कसं हे प्रत्येक घराला यायचं.

ही झाली चांगली बाजू. पण त्या लिंबाखाली सगळं गाव नव्हतं. वाटे संपल्यावर खुरं, आतडी, कधी मुंडी वेशीबाहेरच्या वस्तीवर जायची. आमच्याच घरातलं माणूस ती द्यायला जायचं, मी सोबत गेलोय. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून टाकतो.

त्या वस्तीच्या स्वयंपाकघरात काय होतं हे मला खरं कळलं ते शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकातून. पाटोळे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले. पुस्तक २०१५ साली आलं, २०२४ मध्ये इंग्रजीतही गेलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं याची ती नोंद आहे. तेल-तूप परवडत नव्हतं तिथं जनावराची चरबी हेच तेल होतं. मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या. त्यांवर पुढचे कितीतरी दिवस निघायचे. यातलं बरंच मांस मेलेल्या ढोरांचं. गावाने लादलेल्या कामाचा तो मोबदला होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी हे मांस सोडा असं निक्षून सांगितलं. महाड कोकणात, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, तरी ती हाक इथल्या वस्त्यांपर्यंत आली. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडलं. पण चिवट मांस मऊ करायचं आणि चरबीचा कण वाया न घालवायचा हा हात मागे राहिला.

त्या म्हातारीला मी विचारलं, मावशी, याचं करता काय? ती हसली. म्हणाली, "आधी चरबी बारीक चिरून पातेल्यात टाकायची, मंद जाळावर. ती पघळती. तेल सुटलं की चिवड्या काढायच्या, मीठ लावून लेकरांना द्यायच्या. मग त्याच तेलात कांदा." पुढं मान, नळी आणि छातीचे तुकडे, हळद, मीठ, आलं-लसूण. झाकणाला खोलगट ताट, ताटात पाणी. आत पाणी लागलं तर त्या ताटातलंच गरम पाणी ओतायचं. गार पाणी घातलं की मटण आखडतं, असं आमची आईही म्हणायची.

यामागचं कारण साधं आहे. जनावर जे अवयव सारखे वापरतं, म्हणजे मान, पाय, खांदा, तिथं मांसाला बांधून ठेवणारे चिवट धागे जास्त. वय वाढलं की ते आणखी घट्ट होतात. म्हणून जाणता माणूस बोकडाचे दात बघतो. अदंत, दोन दाती, चार दाती, आणि जुळलेला म्हणजे पुरता जून. हे धागे घाईने विरघळत नाहीत, मंद आचेवर दोन-तीन तास लागतात. मग रस्सा बोटाला चिकटतो. मांडीच्या मऊ मटणात ते कुठून येणार? चरबी मात्र गार झाली की थिजते आणि टाळूला चिकटते, म्हणून मटण गरमच वाढायचं. जास्तीची वर आलेली पळीने काढून ठेवायची, दुसऱ्या दिवशीच्या पिठल्याला होते. शेवटी येसूर. बाजरी, डाळ, धने, खोबरं, मसाला भाजून दळलेलं येसूर घातलं की पातळ रस्साही अंगावर येतो आणि एका बोकडात अख्खी पंगत निभते. कंदुरीचं मटण ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग कुकर आला. हॉकिन्स आणि प्रेस्टिज, दोन्हींचे कुकर १९५९ चे, पण आमच्या खेड्यात पोचायला पुढची तीस वर्षं गेली. आतलं पाणी १२० अंशांपर्यंत तापतं, तीन तासांचं काम पाऊण तासात. "चुलीवरच्या मटणाची चव कुकरला नाही" असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात. तीन तास धुरात डोळे चोळत बसणारी आई माझ्या डोळ्यासमोर आहे, त्यामुळे मी कुकरला नावं ठेवत नाही. बाभळीचा निखारा परवडेल त्याने लावावा.

माझा मुद्दा दुसरा आहे. दुकान आलं, किलोचा भाव आला आणि वाटा मोडला. ज्याच्याकडे पैसा तो मांडी निवडतो, उरलेलं घमेल्यात. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या स्वस्त मांसाची एक वाट बंद झाली. कायदा बरा की वाईट हे आज लिहीत नाही. पण घमेल्याकडे बघणारे हात वाढले. आणि गंमत बघा, नगर रोडच्या ढाब्यांवर तेच पाया सूप आणि नळी रस्सा आता पाटीवर वरच्या ओळीत असतात. वस्तीवर 'उरलेलं' म्हणून जायचं ते आज ताटाच्या भावाने विकत घ्यावं लागतं.

त्या दिवशी मीही मान आणि छातीचं अर्धा किलो घेतलं, चरबीसकट. म्हातारीने पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "येसूर घरचं हाय का इकतचं?" इकतचं म्हटल्यावर तिने मान हलवली.

तुमच्या घरी चान्यांना काय म्हणायचे, येसुरात काय काय पडायचं, आजीला विचारून खाली लिहा. वाटे घालायची पद्धत अजून ज्या गावात चालू आहे त्यांनी गावाचं नाव जरूर टाका, मला येऊन बघायचंय.