निखळलेला खांदा : मुसळापासून टाक्यापर्यंत

इ.स. १५०८. चौलच्या खाडीत पोर्तुगीजांची इजिप्तच्या मामलुक आरमाराशी गाठ पडली. पोर्तुगीज सेनानी दों लोरेन्सु द आल्मेदा याचे जहाज कोळ्यांनी जाळ्यांसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांत अडकले. तोफगोळ्याने त्याची मांडी फुटली, तरी डोलकाठीपाशी बसून तो हुकूम देत राहिला आणि अखेर दुसऱ्या गोळ्याने मेला. वृत्तांतकारांनी हे सारे आवर्जून लिहून ठेवले. दोर ओढताना हात उखडलेल्या खलाशाला मात्र इतिहासात अशी जागा मिळत नाही. लढाईचा इतिहास मरणाऱ्यांकडे पाहतो. जायबंदी होऊन जगणाऱ्यांकडे त्याचे फारसे लक्ष नसते.

त्या उपेक्षितांपैकी एका दुखापतीची ही कथा आहे.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट १५२४ च्या सुमारास उभा राहिला आणि १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. दोन शतकांहून अधिक काळ हिपोक्रेटिसला मानणारा युरोप आणि सुश्रुताला मानणारा देश येथे शेजारी नांदले. निखळलेल्या खांद्याबाबत या दोन्ही परंपरांचे उत्तर विलक्षण जवळचे आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात काखेखाली मुसळ देऊन सांधा वर उचलावा व जागेवर बसल्यावर स्वस्तिकबंधाने बांधावा, असे सांगितले आहे. हिपोक्रेटिसच्या ग्रंथातही काखेत टाच रोवणे, शिडी किंवा दार यांचा आधार घेणे या युक्त्यांबरोबर मुसळ आहेच! कोणी कोणाकडून घेतले, या वादात मला रस नाही. मुसळ घरोघरी असे आणि काख सर्वांची सारखीच.

सांधा बसवणे जमले; तो बसून राहणे ही खरी अडचण होती. खांद्याच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण बशीसारखी उथळ. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वाधिक निखळतो. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका फार मोठा असतो. हिपोक्रेटिस लिहितो की या व्याधीमुळे चांगले मल्ल आखाड्यातून बाद झाले आणि अनेक जण रणांगणात दुबळे ठरून मारले गेले. त्याचा उपाय भयंकर होता. काखेतील कातडी चिमटीत उचलून तापलेल्या बारीक सळया तिच्यातून आरपार घालायच्या, म्हणजे व्रण आकसून गोळा निसटण्याची वाट बंद होईल. मग हात बरेच दिवस बरगड्यांशी बांधून ठेवायचा. इतर वैद्य खांद्याच्या वर, पुढे किंवा मागे डागतात आणि उलट अपायच करतात, अशी त्याची तक्रार आहे. तर्क चुकीचा नव्हता, फक्त दुखण्याचे नेमके स्थान हाती लागले नव्हते.

सुश्रुताचे बळ वेगळ्या ठिकाणी दिसते. बंध सैल राहिला तर सांधा स्थिरावत नाही, अति घट्ट झाला तर सूज, वेदना आणि पू होतो, असे तो बजावतो. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा, हा हिशेबही देतो. तळहाताच्या दुखापतीत तर आधी मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड धरायला लावतो. आजच्या फिजिओथेरपीत वजन टप्प्याटप्प्याने वाढवतात, ते याहून निराळे नाही.

मराठी आखाड्यांतही हे ज्ञान टिकले. उतरलेला खांदा बसवणारा हाडवैद्य बहुधा तालमीशीच जोडलेला असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे माणिकराव व्यायामाचार्य म्हणून जितके प्रसिद्ध, तितकेच अस्थिसंधानासाठीही.

खांदा पुन्हा का निखळतो, याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९१५ मध्ये डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहिता छापली, त्याच्या आगेमागेच युरोपात हा शोध लागत होता. जर्मनीत पेर्थेसने १९०६ मध्ये आणि इंग्लंडमध्ये ब्लंडेल बँकार्टने १९२३ मध्ये दाखवले की खोबणीच्या काठाला असलेली कूर्चेची कड पुढच्या बाजूने फाटून सुटते. गोळा त्याच फटीतून बाहेर पडतो. ती कड हाडाशी पुन्हा शिवणे, हीच बँकार्टची शस्त्रक्रिया. १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या क्ष-किरणतज्ज्ञांनी गोळ्याच्या मागच्या बाजूला पडणाऱ्या खाचेचे वर्णन केले. खोबणीचा काठ झिजला असेल तर नुसते टाके पुरत नाहीत. तेव्हा लातार्जेच्या १९५४ च्या पद्धतीने जवळच्या हाडाचा तुकडा स्नायूंसह आणून तेथे स्क्रूने बसवतात. आज कड शिवण्याचे काम बहुधा दुर्बिणीतून, बारीक छिद्रांवाटे होते.

रेवदंड्याच्या वाडीत नारळ-पोफळीवर चढणाऱ्या पाडेल्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच असतो, की पुन्हा झाडावर कधी चढायचे? साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत, मग हलका व्यायाम, तिसऱ्या महिन्याच्या आसपास ताकदीचा व्यायाम, आणि डोक्यावर हात नेऊन करायची जड कामे किंवा कबड्डी सहाव्या महिन्याच्या सुमारास, तीही सर्जनने पाहून परवानगी दिल्यावर. हातावर पोट असलेल्या घरात या सहा महिन्यांची मजुरी बुडते. बरेच जण तिसऱ्याच महिन्यात झाडाला हात घालतात.