काइटसर्फिंगमधील जेलीफिश दंश

काइटसर्फिंग करताना होणारा जेलीफिश दंश हा या खेळातील नित्याचा, बहुधा सौम्य, पण क्वचित जीवघेणा ठरणारा अपघात आहे. काइटसर्फिंगमध्ये खेळाडू कमरेला बांधलेल्या पट्ट्याला मोठा पतंग जोडतो आणि वाऱ्याच्या ओढीवर फळीवरून समुद्रावर सरकत जातो. पॅरिस येथील २०२४च्या ऑलिंपिक स्पर्धांत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. त्याच्या शर्यती भूमध्य समुद्रावर, मार्सेय येथे झाल्या. पोहणाऱ्यांनाही जेलीफिश चावतात (रूढ शब्द हाच असला तरी त्यांना दात नसतात), परंतु पतंगाला जखडलेल्या माणसाच्या बाबतीत दंशाचे परिणाम वेगळे असतात.

दंश कसा होतो

जेलीफिश हे निडारिया संघातील प्राणी होत. या संघाचे नाव ग्रीक भाषेतील ‘क्नीडे’, म्हणजे अंगाला लागताच आग करणारी खाजरी वनस्पती, या शब्दावरून आले आहे. त्यांच्या शुंडकांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असून तीत पोकळ, विषारी धागा गुंडाळलेला असतो. कुपीतील दाब सुमारे १५० वातावरणांइतका असतो. स्पर्श होताच हा धागा बाहेर फेकला जाऊन त्वचेत शिरतो. याच संघातील हायड्रा या गोड्या पाण्यातील प्राण्यावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही क्रिया एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात, सुमारे ७०० नॅनोसेकंदांत, घडत असल्याचे दिसले. दंशपेशीला मेंदूच्या आज्ञेची गरज नसते. त्यामुळे तुटलेले शुंडक, किंवा किनाऱ्यावर मरून पडलेला प्राणीही दंश करू शकतो.

वारा आणि निळी बाटली

काइटसर्फिंगशी सर्वाधिक निगडित असलेला प्राणी फायसेलिया, म्हणजे पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, हा खरा जेलीफिश नाहीच. परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक जीवघटकांची ती एक तरंगती वसाहत असते. हिंदी व प्रशांत महासागरांतील लहान आकाराच्या फायसेलियाला ‘ब्लू बॉटल’ किंवा निळी बाटली म्हणतात. तिला स्वतःहून पोहता येत नाही. वायूने भरलेला निळसर फुगा पाण्यावर शिडासारखा उभा राहतो आणि वारा नेईल तिकडे ती जाते. काही फायसेलियांचे शीड डावीकडे तर काहींचे उजवीकडे वळलेले असते, म्हणून एकाच वाऱ्यात त्या भिन्न दिशांना वाहत जातात. अटलांटिकमधील मोठ्या फायसेलियाची शुंडके ३० मीटरपर्यंत लांब असू शकतात. फुगा दूर दिसला, म्हणजे धोका दूर आहे असे नव्हे.

पतंग सुरक्षितपणे चालवण्यासाठी समुद्राकडून तिरकस किनाऱ्याकडे येणारा वारा उत्तम मानतात, आणि निळ्या बाटल्यांना किनाऱ्यावर आणणारा वाराही बहुधा तोच असतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की त्या थव्याने येतात.

महाराष्ट्रात निळ्या बाटल्या प्रामुख्याने पावसाळ्यात दिसतात. ऑगस्ट २०१८मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर त्या मोठ्या संख्येने आल्या आणि अनेकांना दंश झाले. गोव्यात मोरजी परिसरात चालणारे काइटसर्फिंग मात्र पावसाळा संपल्यावरचे असल्याने तेथील खेळाडूंना इतर जेलीफिशही भेटतात. नोव्हेंबर २०२०मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर दोन दिवसांत ९०हून अधिक पर्यटकांना जेलीफिश दंश झाल्याची नोंद झाली होती.

खेळाडूपुढील विशेष अडचणी

फळीवर उभ्या असलेल्या खेळाडूला सहसा दंश होत नाही. तो होतो पडल्यावर. फळी निसटली की ती मिळवण्यासाठी खेळाडू पतंगाच्या ओढीने स्वतःचे शरीर पाण्यातून ओढत नेतो; अशा वेळी शुंडके मान, दंड व मांड्यांभोवती गुंडाळली जातात. वेदनेने हात आखडले तर पतंगावरील नियंत्रण सुटते. किनारा जवळ असेल आणि हात चालत असतील तर पतंग डोक्याच्या वर स्थिर धरून परत यावे. ते शक्य नसल्यास आपत्कालीन सुटकेची कळ ओढून पतंगाची शक्ती काढावी व मदतीसाठी खूण करावी. पट्ट्यात किंवा दोऱ्यांत अडकलेले शुंडकांचे तुकडे नंतर साहित्य आवरतानाही डंख मारतात, आणि ही गोष्ट हमखास विसरली जाते. पूर्ण बाह्यांचा लायक्रा किंवा निओप्रीनचा पोशाख बहुतेक दंश टाळतो. चेहरा, हात व पावले तेवढी उघडी राहतात.

प्रथमोपचार

दंश झालेल्याला प्रथम पाण्याबाहेर काढावे. शुंडके चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचलावीत आणि जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. गोड्या पाण्याने उरलेल्या दंशपेशी फुटू शकतात. वाळूने चोळणे हानिकारक आहे, तर लघवी लावण्याच्या, मालिकांनी लोकप्रिय केलेल्या उपायाला शास्त्रीय आधार नाही. निळ्या बाटलीच्या दंशावर सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग २० मिनिटे ठेवणे उपयुक्त ठरते. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बर्फापेक्षा गरम पाण्याने कितीतरी अधिक रुग्णांची वेदना शमली.

व्हिनेगरबाबत मात्र एकवाक्यता नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील पेटीच्या आकाराच्या, अतिविषारी कायरोनेक्स फ्लेकेरी या जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर लावण्याची शिफारस आहे, कारण ते न फुटलेल्या दंशपेशी निष्क्रिय करते. हा दंश काही मिनिटांत हृदय बंद पाडू शकतो. त्यावरील प्रतिविष १९७० पासून उपलब्ध आहे. निळ्या बाटलीसाठी ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक सूचना व्हिनेगर टाळण्यास सांगतात, तर हवाईतील संशोधकांनी २०१७ साली प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून त्याचा पुरस्कार केला.

श्वास लागणे, ओठ वा चेहरा सुजणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे किंवा वारंवार उलट्या होणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. पूर्वी दंश झालेल्याला पुढच्या वेळी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सर्व शरीराला ग्रासणारी तीव्र ॲलर्जी, होऊ शकते. योगायोग असा की या विकाराच्या शोधाचा आरंभही फायसेलियापासूनच झाला. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए यांनी १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या संशोधन नौकेवर फायसेलियाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्पाचे विष वापरले. पहिली मात्रा पचवलेले कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अल्प मात्रेने मेले. या प्रकाराला १९०२ साली त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले, आणि रिशे यांना १९१३चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार मिळाला.