आस्मानी, सुलतानी आणि टेक्सासमधला दरोडा

२०१६ साली प्रदर्शित झालेल्या ‘हेल ऑर हाय वॉटर’ या अमेरिकी चित्रपटात दोन भाऊ पश्चिम टेक्सासमधल्या एकाच बँकेच्या छोट्या शाखा लुटत जातात. आईच्या मागे राहिलेली गहाण जमीन जप्त होण्याच्या बेतात आहे. कर्ज त्याच बँकेचे आहे, आणि लुटीच्या पैशातून फेडायचेही त्याच बँकेचे आहे. बुलढाण्यासारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा चित्रपट पाहणाऱ्या तरुणाला ही कथा परकी वाटत नाही. त्याचे कारण बंदुका आणि पाठलाग यांत नाही. ते गहाणखतात आहे.

या नावातच एक गंमत आहे. इंग्रजी बोलीत त्याचा अर्थ ‘काहीही होवो’ असा. पण अमेरिकेतल्या भाडेपट्ट्याच्या करारांत याच नावाचे एक कलम असते. कोणतेही संकट कोसळले तरी हप्ता भरावाच लागेल, असे ते कलम सांगते. मराठीत त्याला नेमका शब्द हवा असेल तर तो शेतकऱ्याच्या तोंडी कित्येक पिढ्या आहे : आस्मानी असो वा सुलतानी, देणे चुकत नाही.

टेक्सास आणि खामगाव यांचे नाते मात्र केवळ शब्दार्थाचे नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि टेक्साससह दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापसाचे भाव झपाट्याने चढले, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. खामगावची कापूस बाजारपेठ इतकी मोठी झाली की जलंब ते खामगाव असा खास रेल्वेफाटा टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पण युद्ध १८६५ मध्येच संपले होते. अमेरिकी कापूस बाजारात परतला, भाव कोसळले. कर्ज तेवढे जागच्या जागी राहिले.

आणखी एक बदल याच सुमारास घडत होता. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमाबंदी झाली आणि खातेदाराला जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. कागदावर हा अधिकार होता. पण जी जमीन विकता येते ती कोर्टाच्या हुकुमाने विकवताही येते, हे पुढच्या पिढीला कळले. स्वेन बेकर्ट यांनी ‘एम्पायर ऑफ कॉटन’ (२०१४) या ग्रंथात वऱ्हाड आणि अमेरिकेची दक्षिण एकाच कापूस-साम्राज्याचे भाग म्हणून मांडली आहेत, ती उगाच नव्हे. युद्धानंतर तिकडचा लहान शेतकरीही उभ्या पिकावर उचल घेऊन दुकानदाराच्या वहीत अडकला होता.

आता दरोड्याकडे वळू या. चित्रपटातले भाऊ श्रीमंत व्हायला निघालेले नाहीत. त्यांना बोजा उतरवायचा आहे, सातबारा कोरा करायचा आहे असे म्हटले तरी चालेल. ही इच्छा महाराष्ट्राच्या इतिहासात एकदा फार ठळकपणे दिसली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला सर्वांत लक्षणीय वाटली ती गोष्ट अशी की जमावाला मुख्यतः कर्जरोखे हवे होते. सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. रोखे जाळले जात आणि लोक घरी परतत.

कागदावरच एवढा राग का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या फुगलेल्या रकमेवर पुन्हा व्याज चालू होई. शेतकरी निरक्षर, कागदावर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे, अंगठा मात्र त्याचाच. कोर्ट साक्षीपेक्षा कागदाला मान देई. म्हणून आगही कागदालाच लागली.

याचा परिणाम झाला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा सगळा इतिहास तपासण्याची मुभा दिली. पण तो सुरुवातीला लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. निजामाच्या नावाने हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालणारा वऱ्हाड त्याच्या बाहेरच होता. बुलढाण्याच्या शेतकऱ्याचे देणे तेच, पण दाद मागण्याचा हा दरवाजा नाही.

अशा काळात दरोडेखोर लोकांचा होतो. एरिक हॉब्सबॉम यांनी अशा माणसासाठी ‘सामाजिक दरोडेखोर’ ही संज्ञा रूढ केली. सह्याद्रीतले राघोजी भांगरे सावकारांवर तुटून पडत. १८४८ मध्ये त्यांना ठाण्यात फाशी दिले गेले. अमेरिकेत जेसी जेम्सविषयीही अशीच माया दिसते, जरी त्याने लूट गरिबांना वाटल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. लोकस्मृती अशा बाबतीत फार उदार असते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याशी थोडे सावधपणे वागलेले बरे. गावातला सावकारही अनेकदा मुंबईच्या मोठ्या पेढ्यांच्या पैशावर चालणारी साखळीतली एक कडीच असे.

मराठी चित्रपटाने हा विषय टेक्सासच्या कितीतरी आधी हाताळला होता. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, मूकपट. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरच्या या चित्रपटात जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. तो शेतकरी बंदूक उचलत नाही. ‘मदर इंडिया’तला (१९५७) बिरजू उचलतो, सावकाराला मारतो, पण शेवटी आईच त्याला गोळी घालते. ज्यांनी ‘हेल ऑर हाय वॉटर’ पाहिलेला नाही त्यांनी पुढचे वाक्य वगळावे. तिथे एक भाऊ मरतो, पण जमीन सुटते, आणि ती मुलांच्या नावच्या विश्वस्तनिधीत घालून त्याचे व्यवस्थापन धाकटा भाऊ त्याच बँकेला देतो, म्हणजे बँकेला तपासात रस उरत नाही. प्रेक्षकाला सुखावतो तो गोळीबारापेक्षा हा कागदी डाव. ज्या हत्याराने घर गेले असते त्याच हत्याराने ते वाचते.

प्रत्यक्ष बुलढाण्यात असा डाव साधत नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. इथे हिंसा सावकाराच्या दारात नव्हे, स्वतःच्या घरात झाली होती.

त्याच वर्षी खामगावात एक प्रकरण घडले, ज्याची पटकथा कोणी लिहिली असती तर अतिरंजित वाटली असती. अवैध सावकारीची तक्रार घेऊन शेतकरी पोलिसांकडे गेले. तक्रार तत्कालीन आमदाराच्या कुटुंबीयांविरुद्ध होती. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात दूरध्वनी आला आणि तिथल्या अधिकाऱ्याने त्याची नोंद ठाण्याच्या दैनंदिनीत केली. सव्वाशे वर्षे शेतकऱ्याच्या विरुद्ध गेलेला कागद या वेळी त्याच्या बाजूने उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा हस्तक्षेप अवैध ठरवून राज्य सरकारला २५ हजार रुपयांचा खर्च भरायला लावला. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले आणि ती रक्कम चाळीसपट केली : १० लाख रुपये. ते भरायचे होते महाराष्ट्र शासनाने, म्हणजे जनतेच्या तिजोरीतून.